रॉकेट सरळ वर जायचं सोडून कोलांटउडी का मारतं? ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गेममधून समजून घ्या

खाली इंजिन लावलं, वर इंधनाच्या टाक्या रचल्या, टोकाला कॅप्सूल बसवली. काउंटडाऊन संपला आणि रॉकेट झोकात निघालं. काही किलोमीटर वर गेलं नाही तोच नाक डगमगलं, रॉकेट कललं आणि बघता बघता शेपूट वर, डोकं खाली!

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ खेळणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. मेक्सिकोतल्या ‘स्क्वॉड’ या कंपनीने हा गेम २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणला आणि २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. कर्बिन नावाच्या छोट्या ग्रहावरच्या हिरव्या कर्बल मंडळींना अंतराळात पाठवायचं, एवढंच काम. पण त्यासाठी रॉकेट आपलं आपण बांधायचं असतं आणि तिथेच खरी गंमत आहे.

रॉकेट उलटलं की नवखा खेळाडू आणखी मोठं इंजिन लावतो. मग ते आणखी जोरात उलटतं! कारण दोष ताकदीचा नसतोच. दोष असतो दोन बिंदूंच्या जागेचा.

दोन बिंदूंचा खेळ

पहिला बिंदू म्हणजे वजनाचा मध्य. रॉकेट आडवं धरून एका बोटावर तोललं, तर ज्या जागी ते तोल धरेल तो हा बिंदू. हवेत रॉकेट फिरतं ते याच बिंदूभोवती.

दुसरा बिंदू म्हणजे हवेच्या दाबाचा मध्य. सगळ्या बाजूंनी लागणाऱ्या हवेचा एकत्रित जोर जिथे पडतो ती जागा.

नियम एकच: वजनाचा मध्य पुढे हवा, हवेचा मध्य मागे.

बॅडमिंटनचं शटल आठवा. ते पिसांच्या बाजूने पुढे फेकलं तरी हवेत गर्रकन वळतं आणि जड बूच पुढे येतं. पिसं जास्त हवा अडवतात, म्हणून हवा त्यांना मागे ढकलते. आता खाली जड इंजिन, मध्ये रिकाम्या होत चाललेल्या टाक्या आणि वर रुंद, हलका उपग्रह असलेलं रॉकेट डोळ्यांसमोर आणा. हे तर उलटं फेकलेलं शटलच झालं. हवा त्याला वळवणारच.

‘खाली जड असलं की स्थिर’ हा गैरसमज

जमिनीवर ठेवलेल्या वस्तूसाठी हे खरं आहे. उडणाऱ्या वस्तूचं गणित वेगळं असतं.

असाच चकवा रॉबर्ट गोडार्ड यांनाही बसला होता. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतल्या ऑबर्न इथे त्यांनी द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. वरून ओढलं की रॉकेट लंबकासारखं सरळ लटकत जाईल, असा हिशोब होता. पण इंजिन रॉकेटला पक्कं जोडलेलं असतं. रॉकेट कललं की इंजिनचा जोरही त्याच बाजूला कलतो, सावरणारं कुणी उरत नाही. पुढे गोडार्ड यांनी इंजिन खालीच नेलं.

मग गेममध्ये करायचं काय?

रॉकेट बांधण्याच्या इमारतीत एक बटण दाबलं की वजनाचा मध्य पिवळ्या गोळ्याने दिसतो. दुसऱ्या बटणाने निळा गोळा दिसतो. पिवळा वर, निळा खाली असायला हवा.

पण निळा गोळा मुख्यतः पंखांचा हिशोब दाखवतो. बोथट, रुंद टोकाला हवेचा किती अडथळा होतो ते त्यात कळत नाही. म्हणून टोकावर निमुळतं आवरण बसवायचं.

पंख लावायचे ते अगदी तळाशी. दार बिजागरीपासून लांब ढकललं की सहज फिरतं, तसे वजनाच्या मध्यापासून लांब असलेले पंख रॉकेटला चटकन सावरतात. वर लावलेले पंख उलटण्याला मदतच करतात.

टाक्या रिकाम्या करूनही तपासायचं. इंधन जळतं तसा पिवळा गोळा इंजिनकडे सरकतो. म्हणूनच सुरुवातीला सरळ जाणारं रॉकेट मध्येच उलटतं.

शेवटचं म्हणजे घाई नको. खालच्या दाट हवेत वेग फार वाढवला किंवा नाक एकदम वळवलं, तर हवा कडेने आदळते. वळण हळूहळू घ्यायचं, नाक प्रवासाच्या दिशेच्या जवळ ठेवायचं. कर्बिनची हवा ७० किलोमीटरवर संपते, त्यानंतर पंखांचं काम संपलं.

खऱ्या रॉकेटचं काय?

आजच्या बऱ्याच मोठ्या रॉकेटना पंख दिसत नाहीत. त्यांचं इंजिन किंवा नॉझल किंचित हलतं आणि संगणक क्षणोक्षणी तोल सावरतो. पण तो संगणक चुकला की हवा माफ करत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं ‘एरियान ५’ पहिल्याच उड्डाणात, चाळीस सेकंदांच्या आत, चुकीच्या आकड्यांमुळे अचानक वळलं आणि हवेच्या माऱ्याने तुटलं.

भारतानेही ही किंमत मोजली आहे. इस्रोच्या ‘एएसएलव्ही’चं १९८७ मधलं पहिलं उड्डाण फसलं. जुलै १९८८ मध्ये दुसऱ्या उड्डाणात बाजूचे बूस्टर संपून मधलं इंजिन पेटण्याच्या सुमारास रॉकेटचा तोल गेला, नियंत्रण अपुरं पडलं. त्यानंतर शास्त्रज्ञांनी नियंत्रण व्यवस्था सुधारली आणि तळाशी पंखही बसवले. मे १९९२ मध्ये तिसऱ्या उड्डाणाने उपग्रह कक्षेत नेला. कक्षा ठरल्यापेक्षा खालची होती, पण रॉकेट या वेळी उलटलं नाही.

गेममध्ये चूक झाली की एक बटण दाबून रॉकेट पुन्हा लाँचपॅडवर आणता येतं. इस्रोच्या त्या टीमला पुन्हा लाँचपॅडवर यायला जवळपास चार वर्षं लागली होती.