घोड्यांची शर्यत : न्याय आणि जबाबदारी

मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स 1883 पासूनचे. तिथल्या आणि पुण्यातल्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. 1943 पासून होणारी इंडियन डर्बी 2400 मीटरची असते. ती मुंबईत होते.

शर्यती न्याय्य कशा ठेवतात? हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात, म्हणजे कमकुवत घोड्यालाही संधी राहते. जॉकीचे, म्हणजे घोडेस्वाराचे, वजन शर्यतीआधी आणि नंतर तपासतात. ठरल्यापेक्षा कमी भरले तर घोडा बाद होऊ शकतो. निकाल अटीतटीचा असेल तर फोटो-फिनिश, म्हणजे अंतिम रेषेवरचा फोटो, पाहतात. उत्तेजक द्रव्यांसाठी घोड्यांचे नमुने तपासले जातात. जॉकीने घोडा मुद्दाम रोखला किंवा दुसऱ्याची वाट अडवली, तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, चौकशी करून शिक्षा देतात.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. पण त्या कौशल्यासाठी धावतो तो घोडा. त्याला तक्रार करता येत नाही. म्हणून चाबकाच्या वापरावर मर्यादा, दुखापतीवर वेळीच उपचार आणि निवृत्तीनंतरचा सांभाळ ही मालक, प्रशिक्षक आणि क्लब यांची सामायिक जबाबदारी ठरते.

बैलगाडा शर्यती पाहणाऱ्या गावातल्या वाचकालाही हा प्रश्न परका नाही. 2014 मध्ये बंद झालेल्या या शर्यतींना 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, ते राज्याने कायद्यात केलेली दुरुस्ती मान्य करून. घोडा असो वा बैल, मुक्या जिवाचे हित सांभाळले तरच जिंकणे मानाचे ठरते.