छप्पर, जमीन आणि उमेदवार

निवडणुकीचे वारे वाहू लागले की गोमंतकातील उमेदवाराला घराघराच्या पायऱ्या चढाव्या लागतात. येथील मतदारसंघ लहान. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि जागा चाळीस. म्हणजे एका आमदारामागे सरासरी एकोणतीस हजार मतदार. जत्रेला, लग्नाला, बाराव्याला उमेदवार भेटतो, नावाने हाक मारतो, घरातील वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. एवढी जवळीक लोकशाहीला उपकारक ठरावयास हवी होती. प्रत्यक्षात मात्र आपण त्याला गटाराविषयी विचारतो, रस्त्याविषयी विचारतो, मुलाच्या नोकरीविषयी विचारतो. विधानसभेत बसून आपण कोणता कायदा करणार आणि कोणत्या कायद्याला विरोध करणार, हे मात्र विचारीत नाही. आमदाराचे मुख्य काम कायदे करण्याचे आहे, याचा जणू मतदारालाही विसर पडला आहे आणि उमेदवारालाही.

अलीकडे प्रत्येकाच्या पत्रकात दोन आश्वासने हमखास आढळतात. जगणे परवडेल असे करू, हे पहिले. आणि गोंयकारांचे रक्षण करू, हे दुसरे. पत्रकात ही दोन कलमे वेगवेगळ्या मथळ्यांखाली छापली जातात. आमच्या मते मात्र हे दोन प्रश्न नव्हेत. प्रश्न एकच आहे, आणि तो जमिनीचा आहे. जमिनीविषयी मौन पाळून जो स्वस्ताई आणि रक्षण यांची भाषा बोलतो, तो या दोहोंपैकी काहीच देऊ शकणार नाही.

या भूमीत एकदा हा प्रश्न कायद्याने सुटला होता, याचे स्मरण येथे अगत्याचे आहे. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षामागे बहुजन समाज उभा राहिला, तो कोणी त्याच्या हातावर चार पैसे ठेवले म्हणून नव्हे. कसणाऱ्याला जमिनीचा आणि राहणाऱ्याला घराचा हक्क मिळेल, या आशेने तो उभा राहिला. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला कसत्या जमिनीचा मालक मानण्यात आले. भाटकाराच्या भाटात पिढ्यान्‌पिढ्या झोपडी घालून राहणारा, त्याची मर्जी फिरताच चंबूगबाळे उचलावे लागेल या धास्तीत जगणारा मुंडकार त्या कायद्याने प्रथमच ताठ मानेने उभा राहिला. त्याला घरातून काढता येणार नाही असे ठरले. इतकेच नव्हे, तर गावात तीनशे आणि शहरात दोनशे चौरस मीटरपर्यंतची घराची जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला मिळाला. जगणे परवडणे आणि समाजाचे रक्षण होणे या दोन्ही गोष्टी तेथे एकाच कायद्यात साधल्या होत्या. कायद्याच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, मामलेदारांच्या कचेऱ्यांत दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, हे खरे. परंतु दिशा निःसंशय योग्य होती.

आज चित्र काय आहे? महागाईला तोंड देण्यासाठी गृहिणींना दरमहा एक हजार रुपये देणारी ‘गृह आधार’ योजना २०१२ मध्ये सुरू झाली आणि पुढे ती रक्कम दीड हजारापर्यंत गेली. ज्या घरात हे पैसे जातात तेथे त्यांचे मोल आहे; त्यांची हेटाळणी करणाऱ्याने कधी महिनाअखेरची चूल पाहिलेली नसते. परंतु अनुदान वाढवू, एवढेच ज्याचे धोरण, त्याला मतदाराने एक साधा हिशेब घालावा. हातात आलेले दीड हजार घरभाड्याच्या एका वाढीत निघून जात असतील, तर त्या मदतीने नेमके कोणाचे घर चालले? भाडेकरूचे की घरमालकाचे?

चवथीला सारे कुटुंब मूळ घरात जमते. माटोळीखाली एकत्र बसणाऱ्या तीन भावांची मुले आता संसाराला लागली आहेत, आणि त्या घरात तितक्या चुली मांडायला जागा नाही. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाने गावातच लहानसे घर बांधायचे म्हटले, तर तेथील जमिनीचा भाव त्याच्या पगारावरून ठरत नाही. वर्षातून पंधरा दिवस समुद्राची हवा खाण्यासाठी येणाऱ्या धनिकाच्या खिशावरून तो ठरतो. घरे अधिक बांधली की आपोआप स्वस्त होतील, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २०११ च्या जनगणनेकडे पाहावे. राज्यातील सुमारे पावणेसहा लाख घरांपैकी सव्वा लाखाच्या आसपास घरे तेव्हा रिकामी आढळली. त्यांतील काही घरे परदेशी गेलेल्या गोमंतकीयांची, काही वारसांच्या तंट्यात अडकलेली, हे आम्हास ठाऊक आहे. तरीही पाचांतील एक घर बंद आणि गावचा मुलगा मात्र भाड्याच्या खोलीत, ही स्थिती केवळ इमारती वाढवून पालटणारी नाही, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते.

येथेच नगर नियोजन कायद्याचा प्रश्न येतो. प्रादेशिक आराखडा म्हणजे कोठे शेत राहील, कोठे बागायत आणि कोठे वस्ती, याविषयी समाजाने स्वतःशी केलेला करार. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या कराराचा भंग करतो, असे जेव्हा जनतेला वाटले तेव्हा गोवा बचाव अभियानामागे लोक रस्त्यावर आले आणि २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर मात्र वाट बदलली. संपूर्ण आराखडा बदलण्याऐवजी एकेका अर्जावर एकेका जमिनीचा विभाग बदलण्याची सोय कायद्यात होऊ लागली. २०१८ मध्ये कलम १६-ब आले, २०२३ मध्ये कलम १७ (२), २०२४ मध्ये कलम ३९-अ. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७ (२) खालील नियम रद्द केले आणि त्या कलमाची व्याप्तीही आखडली. ही सारी कलमे विधानसभेत आली होती. ज्यांना आपण गटारासाठी आणि रस्त्यासाठी निवडले, त्यांच्या मतांवरच ती संमत झाली.

जमीनमालकाची बाजू आम्ही नाकारीत नाही. मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी ज्याला बागायतीचा तुकडा विकावा लागतो, त्यालाही चांगला भाव हवा असतो. परंतु एकाच्या विक्रीपायी डोंगर कापला गेला, झर आटली, खाजनाचा बांध फुटला, तर त्याची किंमत सारा गाव मोजतो. म्हणूनच हा निर्णय आराखड्यातून, ग्रामसभेच्या डोळ्यांदेखत व्हावा. बंद खोलीत, अर्जावरच्या शेऱ्याने नव्हे.

आता रक्षणाविषयी. या शब्दाचा सोपा अर्थ काही उमेदवार लावतात: परप्रांतीयांना हाकला. हा अर्थ न्याय्यही नाही आणि टिकणाराही नाही. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य घटनेने प्रत्येक नागरिकाला दिले आहे. घटक राज्य होताना आपल्या वाट्याला जे अनुच्छेद ३७१-झ आले, त्यात विधानसभेचे सदस्य तीसपेक्षा कमी नसावेत एवढेच म्हटले आहे. जमिनीचे कसलेही संरक्षण त्यात नाही. परंतु म्हणून कायद्याचे हात बांधलेले आहेत असेही नव्हे. हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्यांच्या जमीनखरेदीवर बंधन घातले. आपल्याकडेही भातशेती शेतकरी नसलेल्यास विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा २०२३ मध्ये झाला. माणसाचे कूळ न पाहता जमिनीचा वापर पाहणारा कायदा न्यायालयातही टिकू शकतो आणि विवेकबुद्धीलाही पटतो.

आणि रक्षण कोणाचे, हेही एकदा मनाशी ठरवावयास हवे. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील एका नाईट क्लबला आग लागून २५ जणांचे प्राण गेले. मृतांत बहुसंख्य तेथे पोटासाठी राबणारे कामगार होते. नियमांकडे काणाडोळा होतो तेव्हा गावाची झोप उडते, आणि त्याच काणाडोळ्यापायी बाहेरून आलेला गरीब जीव गमावतो. गाव सुरक्षित तर त्यात राहणारा प्रत्येक जण सुरक्षित.

सर्वांत अवघड कसोटी घरे नियमित करण्याची आहे. २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी सरकारी आणि कोमुनिदादच्या जमिनीवर बांधलेली घरे नियमित करण्यासाठी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कायदे दुरुस्त करण्यात आले. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर केव्हाही पाडले जाईल, त्याला दिलासा हवाच. मुंडकार कायद्याचा वारसा सांगणाऱ्यास हे अमान्य करता येणार नाही. पण कोमुनिदादची जमीन ही गावाची सामाईक ठेव. ती पुनःपुन्हा अतिक्रमणास मोकळी झाली तर पुढच्या पिढीच्या बेघरांना देण्यास काहीच उरणार नाही. ही शेवटची तारीख पुन्हा पुढे ढकलणार की नाही, हे उमेदवाराने आजच सांगावे.

यास्तव दारात आलेल्या उमेदवाराला चहा जरूर द्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. मुंडकारांचे पडून असलेले दावे किती काळात निकाली काढणार? एकेका अर्जावर जमिनीचा विभाग बदलण्याचा अधिकार कायद्यात असावा की नसावा? बंद घरे भाड्याने खुली व्हावीत म्हणून मालकाला कोणती हमी आणि कोणता कर सुचविणार? कोमुनिदादच्या जमिनीवर गावच्या बेघरांसाठी रीतसर भूखंड देण्याची व्यवस्था करणार काय? उत्तरे लेखी मागावीत आणि ती उमेदवाराच्या स्वतःच्या सहीची असावीत. केवळ पक्षाच्या जाहीरनाम्यावर विसंबून भागणार नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आमदारांनी पक्ष बदलला, हे मतदाराने पाहिले आहे. आमदार पक्ष सोडून जातो तेव्हा जाहीरनामा मागेच राहतो. सही मात्र त्याच्याबरोबर जाते.

मुंडकाराच्या नातवाला आज पुन्हा छपराची चिंता पडावी, ही खेदाची गोष्ट आहे. आजोबाला भाटकाराची भीती होती. नातवाला बाजारभावाची आहे. आजोबांनी आपली भीती मतपेटीच्या द्वारे कायद्यापर्यंत पोहोचविली होती. नातवाच्या हातीही तेच मत आहे. ते रस्त्याच्या डांबरासाठी खर्च करावयाचे की घराच्या जमिनीसाठी, हा निर्णय सर्वस्वी त्याचा आहे.