कुठे टोचतंय?

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी युद्ध धुमसत होतं. दहशत बसावी म्हणून बंडखोर साध्यासुध्या माणसांचे हातपाय तोडत. त्याच देशात वाढलेल्या डेव्हिड सेंगे यांना पुढे एक गोष्ट खटकत राहिली. पाय गमावलेल्या अनेकांकडे कृत्रिम पाय होते, पण ते घालत नव्हते. कारण ऐकायला अगदी साधं: घातला की दुखतं.

दुखतं ते सॉकेटमध्ये, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला खुंट ज्या खोबणीत बसतो तिथे. खालचं पाऊल कितीही झकास असो, अंगाचा भार इथल्या कातडीवर येतो. तळव्याच्या कातडीसारखी ती भार सोसायला घडलेलीच नसते. १९५०च्या दशकाअखेरीस बर्कलीला चार्ल्स रॅडक्लिफ आणि जेम्स फूर्ट यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर भार तोलणारं सॉकेट तयार केलं. कुठली जागा दाब सोसते आणि कुठली नाही, हे त्यामुळे कारागिरांना नेमकं कळलं. बाकी सगळं हाताचं कसब. प्लास्टरचा साचा घ्यायचा, कानशीने घासायचा, पाय चढवायचा आणि विचारायचं, ‘कुठे टोचतंय?’ खुंट तळाला टेकतो का, हे पाहायला मातीची गोळी ठेवायची. युक्ती नामी, पण गोळी चपटली एवढंच कळतं. टाच टेकताना दाब किती होता आणि पाऊल उचलताना किती, हे ती काय सांगणार? आणि मधुमेहाने ज्याची संवेदनाच गेली, त्याला टोचणं विचारून तरी काय उपयोग?

सेंगे हार्वर्डमध्ये शिकून एमआयटीत ह्यू हर यांच्या प्रयोगशाळेत आले. गिर्यारोहक हर १९८२मध्ये माउंट वॉशिंग्टनवर हिमवादळात अडकले होते. हिमदंशाने त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. गुरूला हे दुखणं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सेंगेंनी खुंटाचे एमआरआय घेतले. बाहेरचा आकार प्लास्टरनेही मिळतो; इथे आतलं दिसलं. नडगीवर हाड कातडीला जवळजवळ भिडलेलं, पोटरीकडे मांसाचा जाड थर. मग हिशेब उलटा मांडला: अंग जिथे मऊ तिथे सॉकेट कडक, हाड जिथे वर आलेलं तिथे सॉकेट मऊ. एकाच वस्तूत इंचाइंचाला मऊपणा बदलणं हाताने कुणाला जमलं असतं? अनेक पदार्थ एकत्र छापणाऱ्या थ्रीडी प्रिंटरमुळे ते जमलं.

खरी परीक्षा पुढे होती. खुंट आणि सॉकेट यांच्यामध्ये दाबमापक ठेवून माणसाला चालवलं. २०१३मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या वरच्या उंचवट्यावर दाब नेहमीच्या सॉकेटपेक्षा १५ ते १७ टक्के कमी, नडगीवर ७-८ टक्के. चाचणी एकाच माणसावर झाली होती, त्यामुळे ढोल बडवायचं कारण नव्हतं. पण ‘टोचतंय’ या तक्रारीला आता जागा आणि माप दोन्ही मिळालं होतं.

एक अडचण मात्र एमआरआयच्या आवाक्याबाहेरची आहे. खुंट दिवसभरात आटतो. सकाळी चपखल बसलेलं सॉकेट संध्याकाळी ढिलं पडतं, वर मोजे चढवावे लागतात आणि दाब भलत्याच जागी सरकतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोन सँडर्स या अडचणीच्या मागे कित्येक वर्षं आहेत. सॉकेटमध्ये बसवलेल्या मापकांनी त्यांनी सरळ दाबाबरोबर कातडीला घासणारा आडवा ताणही टिपला. घट्टे आणि जखमा होण्यात त्या घासण्याचाही मोठा वाटा असतो.