एक झाड, दोन स्वभाव

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात यिओव्हल गावाजवळ निलगिरीच्या कुळातले एक झाड आहे. जात ‘यलो बॉक्स’, शास्त्रीय नाव युकॅलिप्टस मेलिओडोरा. तिकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, ख्रिसमस बीटल नावाचे भुंगेरे झुंडीने येऊन निलगिरीचा पाला फस्त करतात. १९९०च्या आसपास त्यांनी हे झाड जवळपास बोडके केले. एका फांदीला मात्र तोंडही लावले नाही.

त्या फांदीच्या पानांतले रासायनिक मिश्रणच वेगळे निघाले. निलगिरी तेलाला उग्र वास देणाऱ्या सिनिओलसारख्या टर्पीन रसायनांवर या झाडांचा बचाव बराच अवलंबून असतो. पण मुळे तीच, पाणी तेच, ऊनही तेच. मग फरक आला कुठून?

वनस्पतींची वाढ शेंड्यावरच्या कोंबातून होते. त्यातल्या एखाद्या पेशीच्या डीएनएत चूक झाली, तर पुढे फुटणारी अख्खी डहाळी ती चूक घेऊन वाढू शकते. ती फुलांत आणि बियांतही उतरू शकते. आपल्या द्राक्षबागायतदारांना असे बदल नवे नाहीत. ‘थॉमसन सीडलेस’मधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ आणि ‘सोनाका’ ही वाणे अशाच उत्परिवर्तनांची देणगी मानली जातात.

अमांडा पॅडोवन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये यलो बॉक्सच्या दोन्ही प्रकारच्या पानांतली जनुके तपासली. कोणती जनुके किती सक्रिय आहेत, यातला फरक मूळ आणि पान यांच्यात असावा तेवढा मोठा होता. डीएनएतली वेगळी अक्षरे मात्र फक्त १० सापडली. त्यांतली काही इतर जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांत होती. रसायने बनवणारी यंत्रणा तीच राहून तिची कळ फिरली असावी, असा संशय त्यावरून बळावतो.

किड्यांच्या पिढ्या झपाट्याने बदलतात, झाड शतकभर जागेवरून हलत नाही. म्हणून ते फांदीफांदीने बदलत किड्यांशी झुंजत असेल, ही कल्पना जुनी आहे. पण असे बदल विरळच. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील २३४ वर्षांच्या ओकच्या दोन फांद्यांत संशोधकांना अवघे १७ एकाक्षरी बदल पक्के करता आले. त्यामुळे बदल किती झाले यापेक्षा ते नेमके कुठे झाले, याला महत्त्व येते. बहुतेक निरुपयोगी ठरतात. एखादा योग्य कळीवर पडला, तर मात्र पूर्ण फांदी वाचते.