अहवालाच्या आधी एक पान : धंद्यातली अडचण कागदावर कशी मांडायची?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत आता बी.कॉम. किंवा डिप्लोमा झालेली मुलं-मुली घरच्या कारखान्यात हिशेबाला बसू लागली आहेत. त्यांना त्रुटी दिसतात, उपायही सुचतात. पण बोलायला गेलं की घरातले मोठे म्हणतात, "तू काल आलास, आम्ही तीस वर्षं माग चालवतोय." विषय तिथेच संपतो. अशा मुलांना आम्ही एकच सांगतो : वाद घालू नका. आधी एक पानाचा प्रस्ताव द्या, परवानगी घ्या, मग अहवाल लिहा.

दोन्हींत फरक आहे. अहवालात तपासाचा निकाल आणि शिफारस असते. प्रस्तावात एवढंच असतं : अडचण ही आहे, ती अशी तपासणार, इतके दिवस लागतील.

समजा, २४ मागांचा कारखाना आहे. व्यापारी कापडात खोट काढून पैसे कापतो. यावर प्रस्ताव कसा लिहायचा ते पाहू.

१. अडचण आकड्यात लिहा

"कारागीर लक्ष देत नाहीत" ही अडचण झाली नाही, तो आरोप झाला. त्यापेक्षा असं लिहा : "महिन्याला ३०,००० मीटर कापड जातं. त्यातल्या साधारण ८ टक्के, म्हणजे २,४०० मीटर मालावर मीटरमागे ४ रुपये कापले जातात. महिन्याचं नुकसान ९,६०० रुपये, वर्षाचं १,१५,२००." हे आकडे अंदाजाने लिहू नका, बिलाच्या फाइलमधूनच काढा. आकडा वाचला की मोठी माणसं थांबून ऐकतात.

२. प्रश्न ठरवा, उत्तर नको

"नवीन माग घ्यावेत का?" असा प्रश्न विचारला तर उत्तर आधीच ठरल्यासारखं होतं. त्याऐवजी विचारा : खोट कोणत्या मागावर जास्त येते? कोणत्या पाळीत? कोणतं सूत लावलेलं असताना? सूत हलकं असेल, धोटा झिजला असेल, वीज कमी-जास्त होत असेल, किंवा उन्हाळ्यात हवा कोरडी पडून तार जास्त तुटत असेल. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा.

इथे जपानच्या टोयोटाचं उदाहरण उपयोगी आहे. या उद्योगाचं मूळ मागातच आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये तार तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. पुढे मोटार कंपनीत नाव कमावलेले ताइइची ओनो हेही आधी याच घराण्याच्या कापड गिरणीत होते. बिघाड झाला की "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारा, असं ते शिकवत. तार तुटली, का? ताण जास्त होता. ताण का वाढला? असं विचारत गेलं की बोट माणसावरून हळूहळू खऱ्या कारणावर येतं.

३. मर्यादा आखा

सगळा कारखाना सुधारायला निघू नका. "फक्त कापडातली खोट, सुताची खरेदी आणि उधारी यात नाही," असं स्पष्ट लिहा. काम लहान असलं की परवानगी लवकर मिळते.

४. माहिती कशी जमवणार ते सांगा

एक वही पुरते. रकाने पाच : तारीख, पाळी, माग नंबर, खोटीचा प्रकार, कारण. चार आठवडे नोंद केली तर बहुतेक खोट दोन-चार मागांवरच येते की सगळीकडे पसरली आहे, हे दिसेल. कारागीर आणि मेस्तरी यांच्याशीही बोला. मागाजवळ बारा तास तेच उभे असतात.

एक वाक्य मात्र प्रस्तावात लिहाच : "या नोंदीवरून कुणाची मजुरी कापली जाणार नाही." मजुरी मीटरवर मिळते. वहीमुळे आपल्या रोजीवर गदा येईल असं वाटलं तर कारागीर खोट लपवतील आणि तुमची सगळी नोंद खोटी ठरेल. शिवाय माणसाच्या रोजीचा प्रश्न आहे, त्यात इन्साफ हवाच.

५. उपाय कशावर पारखणार?

हे आधीच ठरवा. उदाहरणार्थ : खर्च ५०,००० रुपयांच्या आत, काम बंद फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि सहा महिन्यांत पैसे वसूल. निकष आधी मान्य झाले की नंतर "हे मला पटत नाही" एवढ्यावर वाद अडत नाही.

६. वेळापत्रक आणि मागणी

चार आठवडे नोंद, एक आठवडा हिशेब, सहाव्या आठवड्यात अहवाल. शेवटी नेमकं मागा : रोज अर्धा तास, बिलांची फाइल आणि मेस्तरीची मदत. खाली मंजुरीच्या सहीसाठी जागा ठेवा. घरचा धंदा असला तरी सही घ्या, म्हणजे महिन्याभराने "तुला कुणी सांगितलं होतं?" हा प्रश्न उरत नाही.

भाषा मराठी असो, उर्दू असो, वाचणाऱ्याला कळेल ती वापरा. अब्बांना इंग्रजी वाचता येत नसेल तर इंग्रजीतला सुंदर प्रस्ताव काय कामाचा? हीच पद्धत बेकरी, गॅरेज, शिलाई किंवा किराणा दुकानालाही चालते. फक्त वहीचे रकाने बदलतील.

पालकांनाही एक विनंती. मुलाने असा कागद समोर ठेवला तर तो बाजूला सारू नका. त्याच्या शिक्षणावर तुम्ही पैसा घातलाय. त्याचा उपयोग तुमच्याच धंद्याला व्हावा, यासाठी त्याला सहा आठवडे आणि एक वही एवढंच द्यायचं आहे.