पानशेत धरण

पानशेत धरण (तानाजीसागर) हे पुणे जिल्ह्यातील आंबी नदीवरील मातीचे धरण आहे. आंबी नदी मोसे नदीला आणि मोसे मुठेला मिळत असल्याने येथून सोडलेले पाणी खडकवासला जलाशयात येते. तेथून निघणारा मुठा उजवा कालवा पुणे शहर व हडपसर ओलांडून दौंड, इंदापूर तालुक्यांकडे जातो. पानशेतचा उपयुक्त साठा सुमारे १०.६५ टीएमसी, तर खडकवासल्याचा दोन टीएमसीहूनही किंचित कमी आहे. पावसाळा सरल्यावर शहराची व शेतीची भिस्त खडकवासल्यावर दिसत असली, तरी प्रत्यक्षात ती वरच्या धरणांवर असते.

धरणाच्या पायथ्याशी ८ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॉटच्या तुलनेत ही क्षमता नगण्य होय. येथे वीज हे दुय्यम उत्पादन आहे. सिंचन व पिण्यासाठी सोडायचे पाणीच जाता जाता जनित्र फिरवते.

१९६१ ची दुर्घटना

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी, पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठवले जात असताना, धरण फुटले. पाणी सोडण्यासाठी भरावाखालून नेलेल्या मोरीचे व तिच्या दरवाजांचे काम अपुरे होते. अर्धवट उघड्या दरवाजातून वेगाने शिरणाऱ्या पाण्याने मोरीला हादरे बसू लागले. तिच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नव्हत्या. मोरी खचली, तिच्यावरील माती वाहून गेली आणि माथा खाली बसू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो उंच राखण्याची शर्थ केली, पण अखेर पाणी माथ्यावरून वाहिले. मातीचे धरण एकदा असे ओलांडले गेले की फार काळ टिकत नाही.

खालचे खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकातील, दगडी बांधणीचे. माथ्यावरून वाहणारे पाणी त्याने काही तास सोसले आणि दुपारी तेही फुटले. या तासांचे मोल मोठे आहे, कारण त्या अवधीत नदीकाठच्या अनेकांना घरे सोडता आली. पेठांचा काठालगतचा भाग पाण्याखाली गेला. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पानशेतची पुनर्बांधणी १९७२ मध्ये पूर्ण झाली.

सुरक्षितता

आजचे धरण पन्नाशी ओलांडलेले आहे. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक असते. गाळणीच्या थरांतून ते स्वच्छ बाहेर यावे, एवढीच अपेक्षा. पाझर एकाएकी वाढला किंवा गढूळ झाला, तर आतील माती वाहत असल्याची ती खूण ठरते. म्हणून पाझराचे मोजमाप, माथ्याचे खचणे, दगडी अस्तराची झीज, दरवाजांचे गंजणे आणि भरावावर वाढणारी झाडे यांवर लक्ष ठेवावे लागते. झाडांची मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक आहे.

धोका केवळ धरणाच्या वयाने ठरत नाही. खालच्या वस्तीनेही तो वाढतो. १९६१ मध्ये हडपसर हे शहराबाहेरचे गाव होते. आज उत्तरेकडील मुळा-मुठा आणि गावातून जाणारा उजवा कालवा, दोहोंच्या काठी दाट वस्ती आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, तेव्हा धरणे शाबूत असूनही घरांत पाणी शिरले होते.