धावमार्गाचे ऑनलाइन मापन

धावमार्गाचे ऑनलाइन मापन म्हणजे महाजालावरील नकाशांच्या साहाय्याने धावण्याचा मार्ग आखण्याची व त्याची लांबी मोजण्याची पद्धत होय. रोजच्या सरावासाठी ती पुरेशी अचूक असते. मात्र रस्त्यावरील स्पर्धांच्या अधिकृत मापनासाठी ती ग्राह्य धरली जात नाही.

पार्श्वभूमी

पूर्वी धावपटू कागदी नकाशावर दोरा ठेवून किंवा वाहनाच्या अंतरमापकावरून मार्गाची लांबी ठरवीत. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स ही सेवा सुरू झाली. त्याच वर्षी तिच्या आधारे तयार झालेले जीमॅप पेडोमीटर हे संकेतस्थळ धावपटूंमध्ये लोकप्रिय झाले. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त प्रकल्पात स्वयंसेवक रस्त्यांबरोबरच पायवाटांचीही नोंद करतात. त्यामुळे मोटारींसाठी बनवलेल्या नकाशांत न आढळणारे मार्गही त्यावर आखता येतात.

कार्यपद्धती

वापरकर्ता नकाशावर ओळीने बिंदू ठेवत जातो. प्रत्येक बिंदूचे अक्षांश व रेखांश नोंदवले जातात आणि लगतच्या दोन बिंदूंमधील अंतर गोलीय भूमितीतील सूत्राने काढून त्यांची बेरीज केली जाते. यासाठी पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरण्याची पद्धत आहे. पडद्यावरील लांबी थेट मोजणे चुकीचे ठरते. कारण बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर आधारित असून त्यांत विषुववृत्तापासून दूर जावे तसे प्रमाण वाढत जाते. ही वाढ मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ६ टक्के, तर लंडनच्या अक्षांशावर सुमारे ६१ टक्के असते.

काही साधनांत आखलेली रेषा आपोआप रस्त्याशी जुळवून घेतली जाते. ही सोय नसल्यास वळणांवर अधिक बिंदू ठेवावे लागतात.

अचूकता व मर्यादा

वळणदार रस्त्यावर बिंदू विरळ असल्यास वक्र भागाऐवजी सरळ रेषा मोजली जाते आणि अंतर कमी भरते. याउलट, रेषा रस्त्याच्या मध्यातून जात असल्यास वळणाच्या आतील कडेने धावणाऱ्याच्या अंतरापेक्षा मापन अधिक येते. चढउताराचा लांबीवरील परिणाम अल्प असतो: ५ टक्के चढाच्या रस्त्याची खरी लांबी नकाशावरील दर १ किमीमागे केवळ सव्वा मीटरने वाढते. धावण्यास लागणारे श्रम मात्र बरेच वाढतात. म्हणून अनेक साधने चढाचा आलेखही दाखवतात. हा आलेख भूपृष्ठाच्या उंचीच्या नोंदींवर आधारित असल्याने पूल व बोगद्यांच्या ठिकाणी तो फसवा ठरू शकतो.

जीपीएस घड्याळाने नोंदवलेले अंतर आणि नकाशावरील अंतर यांतही फरक पडतो. उंच इमारतींमुळे उपग्रहांचे संकेत परावर्तित होऊन घड्याळातील मार्गरेषा नागमोडी होते व अंतर बहुधा वाढते.

अधिकृत मापन

स्पर्धामार्गाचे मापन आधी ज्ञात अंतरावर चालवून प्रमाणित केलेल्या सायकलने होते. सायकलच्या पुढच्या चाकाला जोडलेला जोन्स काउंटर चाकाचे फेरे मोजतो. धावपटूला उपलब्ध असलेला सर्वांत जवळचा मार्ग वळणाच्या कडेपासून ३० सेंमी अंतर राखून मोजला जातो. मार्ग अपुरा ठरू नये म्हणून लांबीत ०.१ टक्का वाढ केली जाते, ४२.१९५ किमीच्या मॅरेथॉनसाठी ही वाढ सुमारे ४२ मीटर होते.

या काटेकोरपणामागे विक्रमांचा प्रश्न असतो. १९८१ च्या न्यू यॉर्क मॅरेथॉनमध्ये आल्बेर्तो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंद अशी वेळ नोंदवली व तो जागतिक उच्चांक मानला गेला. पुढे झालेल्या फेरमापनात मार्ग सुमारे १५० मीटरने कमी आढळल्याने ती वेळ उच्चांक म्हणून ग्राह्य राहिली नाही.